साडेपाच तास

"सर, एका लॅपटॉपमध्ये दोन चुली मांडता येतात का?"

हा प्रश्न माझा नव्हता, माझ्या दोन मैत्रिणींचा होता. चंचलनं तो काढला, रीतानं त्याला धार लावली, आणि चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा विचारायची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. नववी ब मध्ये तोपर्यंत माझा आवाज फक्त हजेरीला ऐकू यायचा, तोही सरांनी "नूतन आहे का?" असं दोनदा विचारल्यावर. त्यामुळे मी नुसती उभी राहिले तरी निम्मा वर्ग मागे वळून बघायला लागला.

मडावी सर आम्हाला संगणक शिकवतात. त्यांनी खडू खाली ठेवला. "म्हणजे दोन ऑपरेटिंग सिस्टिम म्हणायचंय का तुला?"

"हो सर. एक घरच्यांची, एक आपली."

वर्गात हशा पिकला. सरही हसले, पण उत्तर त्यांनी नीट दिलं. "येतात. आतली जागा वाटून द्यावी लागते. मग लॅपटॉप चालू करताना तोच विचारतो, आज कोणत्या चुलीवर शिजवायचं. तुला कशासाठी पाहिजे?"

"गेमसाठी, सर."

हे चिठ्ठीत नव्हतं. हे माझं मी बोलले. बोलून झाल्यावर छप्पर पडलं नाही की छडी बसली नाही. उलट मधल्या सुट्टीत सरांनी बोलावून सांगितलं की जुन्या लॅपटॉपवर विंडोज धापा टाकतं, लिनक्स हलकं असतं, त्याच्यावर गेम पळतो. पेन ड्राइव्ह पण दिला. "लॅपटॉप घरचाच आहे ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो सर, घरचाच. त्या दिवसापासून माझं तोंड जे उघडलं ते उघडलंच. आई म्हणते, "या पोरीचं झाकनच हरपलं."

लॅपटॉप घरचा नव्हता, घरात होता.

आमचं खैरटोला गाव कुरखेड्यापासून आत, जंगलाला चिकटून आहे. दोन वर्षांपूर्वी एक वाघीण नाल्याच्या बाजूला राहायला आली आणि गेली नाही. तेव्हा वाघांवर काम करणाऱ्या एका संस्थेनं गावात पथक तयार केलं. माझे बाबा, म्हणजे गावाचे अश्वजितभाऊ, धानाची शेती सांभाळून त्या पथकात आहेत. संस्थेनं त्यांना सहा कॅमेरे दिले आणि एक जुना लॅपटॉप. कॅमेरा झाडाला बांधायचा. समोरून काही गेलं की तो आपोआप फोटो काढतो आणि फोटोखाली तारीख-वेळ छापतो. पंधरा दिवसांनी बाबा कार्डं काढून आणतात, लॅपटॉपवर बघतात आणि वहीत लिहितात: वाघीण कुठून गेली, किती वाजता गेली. मग गावाला सांगतात. बाबांनी नको म्हटलं की बाया त्या वाटेनं जात नाहीत. बाबा म्हणाले चालते, तर जातात. आमच्या गावात घड्याळ फार जणांकडे नाही, पण बाबांची वही सगळ्यांकडे असल्यासारखी आहे.

अशा लॅपटॉपवर मी दुसरी चूल मांडली.

फेब्रुवारीतला रविवार होता. आई-बाबा लग्नाला गेले होते. चंचल मोबाईलवर एकेक पायरी वाचून सांगत होती, मी बटणं दाबत होते, आणि रीता दाराशी बसून तांदूळ निवडत होती, म्हणजे कोणी आलं तर खोकायचं. दोन तास लागले. बाबांचं विंडोज जसंच्या तसं राहिलं, एकही फोटो हलला नाही. तेव्हा मला वाटलं होतं की मी या तालुक्यातली सगळ्यात हुशार पोरगी आहे. फरक एवढाच की लॅपटॉप चालू केला की आधी काळा पडदा यायचा, त्याच्यावर दोन ओळी असायच्या, आणि दहा सेकंद काही केलं नाही तर तो गपचूप बाबांच्या विंडोजमध्ये जायचा. ही सोय मीच केली होती. बाबांनी तो पडदा पाहिला आणि म्हणाले, "म्हातारा झाला बिचारा. उठाले वेळ लागते त्याले."

आणि गेम काय पळायचा. आधी माझी गाडी वळणावर अडकून राहायची, तेवढ्यात भाजी चिरून व्हायची. आता चंचलच्या मोबाईलचं नेट लावलं की आम्ही तिघी कुठल्या कुठल्या लोकांशी शर्यत लावायचो. एकदा मी पहिली आले. रीतानं मला इतकं हलवलं की लॅपटॉप खाटेवरून पडता पडता वाचला. शाळेत मी आता हात वर करून बोलायला लागले होते, भूगोलाच्या बाईंना त्यांची चूक दाखवली होती, आणि प्रत्येक रविवारी जिंकत होते. महिना असा गेला.

मार्चच्या सुरुवातीला एका संध्याकाळी बाबा अंगणात सहा कॅमेरे मांडून बसले. नवे सेल टाकायचे आणि प्रत्येक कॅमेरा वायरनं लॅपटॉपला लावून तयार करायचा. या कॅमेऱ्यांना पडदा नसतो, आतलं सगळं लॅपटॉपवरच दिसतं. मी शेजारी बसून चणे खात होते.

"नूतन, या लॅपटॉपचं घड्याळ मांगं पडलं का वो?" बाबा म्हणाले. "दिवेलागण झाली आन् हा दुपारचं एक दाखवून राह्यला."

मला माहीत होतं. माझ्या बाजूनं खेळून झालं की बाबांच्या बाजूचं घड्याळ मागे पडलेलं असायचं. कारण माहीत नव्हतं, पण ते माझ्या चुलीमुळे होतं एवढं कळत होतं. मी म्हटलं, "आतला सेल गेला असन, बाबा. जुना लॅपटॉप हाये."

"हो, असन." त्यांनी पुढचा कॅमेरा लावला. "मले काय, फोटोवरची वेळ तं कॅमेऱ्याची असते."

मी चणे खात राहिले.

मग मोह पडायला लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मोहाची फुलं वाळवून विकतात, आणि ती पहाटे गळतात. उजाडून गेलं की चितळं आणि ढोरं ती खाऊन टाकतात. म्हणून बाया पाचलाच टोपल्या घेऊन निघतात. मागच्या वर्षी पथकानं सांगितलं होतं, सातच्या आधी जायचं नाही, आणि बायांना नुसती उरलीसुरली फुलं मिळाली. या वर्षी सगळ्या बाबांच्या मागे लागल्या, पाचला जाऊ द्या म्हणून. बाबा म्हणाले, कार्डं येऊ द्या.

कार्डं आली. पंधरा दिवसांत वाघीण नाल्याच्या वाटेवर सात वेळा दिसली, आणि सातही वेळा रात्री अकरा ते बाराच्या मध्ये. बाबांनी दोनदा तपासलं. मग पाण्याच्या हापशीवर जाऊन बायांना सांगितलं, "बाराच्या आत ती नाला पार करून पहाडीकडं जाते. पाचले एकदाही दिसली नाई. तरी एकटी कोनी जाऊ नका. बोलत जा, खोकत जा."

"खोकाले काय, इंदुताई हायेच आमच्यात," रुखमाबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. इंदुताईला बिडीचा खोकला आहे.

पाचव्या दिवशी वाघिणीनं रुखमाबाईला धरलं.

मी शाळेत होते. घरी आले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या लुगड्यावर रक्त होतं, तिचं नाही. रुखमाबाई नाल्याजवळच्या झाडाखाली वाकून वेचत होती. आई तिच्यापासून वीस पावलांवर. इंदुताई ओरडली, बायांनी डबे वाजवले, आईनं टोपली फेकून मारली. वाघीण सोडून गेली. रुखमाबाई जिवंत आहे, गडचिरोलीच्या दवाखान्यात आहे, पण उजवा खांदा फाटला आहे आणि तो हात वर जाईल की नाही हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

त्या संध्याकाळी रुखमाबाईचा मुलगा प्रवीण आमच्या अंगणात आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, "भाऊ, तुमी सांगतलं होतं ना, बाराच्या आत जाते म्हणून."

"हो," बाबा म्हणाले. "सांगतलं होतं."

एवढंच. प्रवीण आला तसा गेला. बाबा जेवले नाहीत.

तीन दिवस जंगल बंद होतं. हापशीवर मी गेले की बोलणं थांबायचं. पथकातल्या एकानं बाबांना तोंडावर म्हटलं, "तुमच्या भरोशावर बाया मराच्या का भाऊ?" बाबांनी सगळी कार्डं परत काढून आणली आणि शाळा सुटल्यावर मला शेजारी बसवलं. "तुही नजर तेज हाये. माह्याकडून काई सुटलं असन तं सांग."

काही सुटलं नव्हतं. ज्या पहाटे रुखमाबाई वाघिणीला सापडली, त्याच्या आदल्या रात्रीचा फोटो होता. वाघीण नाल्यावर, वेळ २३:४२. "पावणेबाराले गेली," बाबा स्वतःशीच म्हणाले. "रोजच्यासारखी गेली. मंग पाचले परत काऊन आली?" त्यांनी वहीत लिहिलं, वाघिणीने वेळ बदलली. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि तोंड धुवायला उठले.

मी पुढचे फोटो सरकवत होते. ढोरं, ढोरं, ढोरं, मग आमचे गुराखी पत्रूकाका. खांद्यावर काठी, डोक्यावर दुपट्टा, मागे भरपूर ऊन. मला हसू आलं, कारण पत्रूकाका कॅमेऱ्याकडे बघून मिशी नीट करत होते. मग खाली वेळ दिसली. ०३:४०.

पहाटे तीन चाळीसला ऊन.

पत्रूकाका ढोरं घेऊन नऊला गावातून निघतात. नाल्यावर पोचायला दहा मिनिटं. नऊ दहा. मी बोटांवर मोजलं. नऊ दहातून तीन चाळीस गेले, राहिले साडेपाच तास. मग मी वाघिणीचा फोटो परत उघडला. तेवीस बेचाळीसमध्ये साडेपाच तास मिळवले. पहाटेचे पाच बारा झाले.

एका फोटोत मिळवले, दुसऱ्यात, तिसऱ्यात. चार पन्नास. पाच दहा. पाच वीस. वाघिणीनं काहीच बदललं नव्हतं. ती रोज पहाटेच जात होती, बरोबर बायांच्या वेळेला. वाघीण अंधारात, रात्रही अंधारात, म्हणून फोटोत कोणाला कळलं नाही. कॅमेऱ्याच्या प्रोग्राममध्ये मी शोधलं, तर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: वायर जोडल्यावर कॅमेरा वेळ संगणकाकडून घेतो.

बाबा तोंड पुसत आत आले. "काई दिसलं?"

"नाई," मी म्हटलं.

का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. शब्द तोंडात होता आणि दुसराच बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी मी मडावी सरांना गाठलं. या वेळी चिठ्ठी नव्हती. "सर, दोन सिस्टिम असल्या की घड्याळ मागं पडते का?"

"पडतं ना," सर म्हणाले. "लॅपटॉपच्या आत घड्याळ एकच असतं. विंडोज समजतं, त्यात आपल्या गावची वेळ आहे. लिनक्स त्यात इंग्लंडकडची वेळ लावून ठेवतं आणि दाखवताना मनातल्या मनात साडेपाच तास मिळवतं. नेट असलं की विंडोजही स्वतःला दुरुस्त करून घेतं. नेट नसलं की मागेच. एका ओळीचा उपाय आहे, मी द्यायचा विसरलो. का गं, काही बिघडलं का?"

"नाई सर."

दोन दिवसांत दोन वेळा नाई. एवढी बोलकी झालेली पोरगी.

मधल्या सुट्टीत चंचल आणि रीताला सांगितलं. शाळेमागच्या पाण्याच्या टाकीजवळ आम्ही उभ्या होतो. चंचल आधी चेष्टाच करत होती. "वाघिणीले समन्स पाठवा म्हना, घड्याळ पाहून निघत जा." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "हे पाह्य, लिनक्स काढून टाक. घड्याळ सरळ कर. कोनाले समजते? तुह्या बाबालेच समजलं नाई."

"आन् फोटो?"

"फोटो कोन मोजत बसते. रुखमाबाईचा हात काई त्यानं बरा होनार हाये का?"

रीता चपलेनं माती उकरत होती. घंटा झाल्यावर म्हणाली, "माही आई पन जाते मोहाले."

घरी आले तेव्हा कोणी नव्हतं. मी लॅपटॉप उघडला. काळा पडदा, दोन ओळी. मी माझ्या बाजूची जागा पुसायची पायरी शोधून काढली. शेवटचं बटण तेवढं दाबायचं होतं. दाबलं असतं तर काळा पडदा गेला असता, घड्याळ मी हातानं सरळ केलं असतं, आणि बाबांच्या वहीत "वेळ बदलली" हे कायमचं खरं झालं असतं. वाघीण खोटी ठरली असती. बाबाही. मी बटणावर बोट ठेवून बसले होते तेव्हा अंगणात बाबांचा आवाज आला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तो जरा मोकळा होता.

"सत्यशीला, बायाइचं ठरलं," ते आईला सांगत होते. "उद्या पाचले जाऊन राह्यल्या. दहा-दहाच्या टोळीनं. म्या त्याइले पुरी वही दाखवली. एक दिवस सोडला तं सारी हाजरी बारा वाजायच्या आतली हाये. तो एकच दिवस काई तरी झालं तिले. मोह काई थांबत नाई, त्या तरी काय करतीन."

"मी पन जाते," आई म्हणाली. "मी नाई गेली तं लोक म्हनतीन, भाऊची बाई घरात बसली."

आणि तिनं आढ्याची टोपली काढली. ती टोपली नवी होती, जुनी तिनं वाघिणीवर फेकली होती.

मी लॅपटॉप घेऊन बाहेर गेले. खाली बसले आणि पत्रूकाकांचा फोटो लावला.

"बाबा, किती वाजले लिहिले हायेत?"

"तीन चाळीस."

"आन् ऊन?"

बाबा वाकले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी सगळं सांगितलं. दुसरी चूल, गेम, पेन ड्राइव्ह, वायरीतून कॅमेऱ्यात गेलेली वेळ. थांबले असते तर परत सुरू झालं नसतं, म्हणून थांबलेच नाही. बाबांनी वही उघडली आणि एकेका ओळीसमोर नवी वेळ लिहिली. चार पन्नास. पाच दहा. सातव्या ओळीनंतर त्यांनी पेन ठेवला.

"म्या तुले इचारलं होतं," ते म्हणाले. "याच जागी बसून."

"हो."

"तू सेल म्हनाली."

"हो."

आईनं मला मारलं नाही. ती म्हणाली, "मी वीस पावलांवर होती, नूतन." आणि टोपली घट्ट धरून बसली, जणू कोणी ती ओढून घेत आहे.

विहारात संध्याकाळच्या वंदनेसाठी लोक जमत होते, भोंग्यावर कोणीतरी माईक फुंकून बघत होतं. बाबा उठले, दोरीवरचा शर्ट घेतला. "मी सांगून येतो. कॅमेरे लावतानी माह्याच हातानं चूक झाली म्हनतो. वेळा चुकल्या, उद्या जाऊ नका. एवढं पुरते."

"हो, तसंच करा," आई म्हणाली. "पोरीचं नाव नोका काढू. प्रवीणच्या कानावर गेलं तं? शाळेत जाऊ देतीन का इले कोनी सुखानं?"

"लहान हाये ते," बाबा म्हणाले. "माह्या वहीवर होती जबाबदारी."

"मंग तुमाले पथकातून काढतीन."

"काढतीन."

ते शर्टाची बटणं लावत होते आणि एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. मी उभी राहिले. बसून राहिले असते तर वंदना संपून लोक घरी गेले असते.

"बाबा, तुमी म्हनाल चूक झाली, तं लोक म्हनतीन भाऊचा भरोसा नाई, आन् तुमची वही पुन्हा कोनी आयकनार नाई. तुमची चूकच नाई हाये. म्हनून मी चालली. वंदना झाली का माईक मागते, आन् माह्या नावानं सांगते. उद्या पाचले कोनी जायचं नाई, वाघीन पाचलेच जाते, ते लपलं माह्या खेळापायी. प्रवीणभाऊ तिथी असन तं त्याच्या समोर सांगते. आन् रविवारी गडचिरोलीले रुखमाबाईकडं जाते, तिले पन मीच सांगनार. तुमी दोघं येत असान तं या. नाई आले तरी मी जाऊन राह्यली."